औषधाला उतार

आत्याच्या औषधांचा डबा म्हणजे संत्रा बर्फीचा रिकामा डबा. नागपुरातल्या महाल भागातल्या तिच्या घरी तो फ्रीजवर असतो, झाकणाला रबरबँड लावलेला. २०२५च्या फेब्रुवारीत तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून आदल्या रात्री मी तो डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला. बारा प्रकारची औषधं निघाली. स्ट्रिपांवर दुकानदाराने निळ्या बॉलपेनने १-०-१, ०-०-१ असे आकडे टाकले होते, काही अर्धवट पुसले गेले होते.

"ही कायची?" मी एकेक स्ट्रिप उचलून विचारत गेलो.

"दुखीची."

"अन् ही?"

"गॅसची. दुखीचीनं गॅस होते नं."

"ही पिवळी?"

"थे तं मलेही माहीत नाही, बाप्पा. मेडिकलवाला देते, मी घेते."

(बाहेरच्या वाचकांसाठी: नागपुरात मेडिकल दोन. एक मेडिकल चौकातलं सरकारी कॉलेज, दुसरं कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. आत्याचा मेडिकलवाला हा दुसरा.)

आत्या ७४ वर्षांची. सोळा वर्षांपासून तिला आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. इतकी वर्षं ती दर रविवारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घ्यायची, गुरुवारी फॉलिक ऍसिड, आणि बऱ्यापैकी पोळ्या लाटायची. २०२४च्या पावसाळ्यात नागपुरात चिकुनगुनियाची जी लाट आली, तिच्यात सप्टेंबरमध्ये आत्याही सापडली. तापात डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितलं, ते बरोबरच होतं. ते औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, तीव्र संसर्गात ते काही दिवस थांबवतात. सांधे असह्य दुखत होते म्हणून ताप उतरल्यावर थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि एटोरिकॉक्सिब ही दुखीची गोळी दिली. 'थोडे दिवस' हे दोन शब्द तोंडी होते. कागदावर नव्हते.

मी डबा उपडा केला तेव्हा त्याला पाच महिने झाले होते. प्रेडनिसोलोन सुरू होतं. एटोरिकॉक्सिब सुरू होतं. बारा औषधांत एक नव्हतं, मेथोट्रेक्सेट. थांबवलेलं पुन्हा कधी सुरू करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि सुरू केलेलं कधी थांबवायचं तेही. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते या एका डब्यात आहे: म्हाताऱ्या माणसाचं औषध कमी करणं हे औषध देण्याइतकंच नेमकं वैद्यकीय काम आहे, आणि आज ते कोणाचंच काम नाही.

उरलेली औषधं आली कुठून, ते त्या रात्री जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्यावर कळलं. एटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्यांनी रक्तदाब चढतो. ऑक्टोबरात बीपी चढलेलं दिसलं. आधीची टेल्मिसार्टन होतीच, तिच्या जोडीला ऍम्लोडिपिन आली. ऍम्लोडिपिनने अनेकांचे पाय घोट्याशी सुजतात. आत्याचेही सुजले, म्हणून लघवीवाटे पाणी काढणारी क्लोरथॅलिडोन आली. या जातीच्या गोळीने रक्तातलं युरिक ऍसिड वाढतं. पुढच्या तपासणीत ते वाढलेलं निघालं, म्हणून फेबुक्सोस्टॅट आली आणि तुरीचं वरण बंद झालं. विदर्भातल्या बाईचं वरण बंद करायचं म्हणजे काय, हे ज्याने ते केलं त्याला ठाऊक नसावं. हातापायांना मुंग्या येतात म्हणून 'नसांची' प्रिगॅबालिन, तिने झोकांड्या जायला लागल्या म्हणून 'चक्करची' सिनारिझिन. सिनारिझिन म्हातारपणी दीर्घकाळ घेतली तर हात थरथरणं, चाल जड होणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. म्हणजे डब्यात अजून जागा होती.

यातली प्रत्येक चिठ्ठी सुटी वाचली तर बरोबर वाटते. बीपी चढलं, बीपीची गोळी दिली, कोण चूक म्हणेल? चूक दिसते ती चिठ्ठ्या ओळीने लावल्यावर, आणि ओळीने लावणारा माणूस त्या साखळीत कुठेच नव्हता. औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून नवं औषध देण्याच्या या प्रकाराला पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोघांनी १९९७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' म्हटलं. कॅस्केड म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारा धबधबा.

औषध कमी करण्यालाही इंग्रजीत शब्द मिळाला आहे, 'डीप्रिस्क्रायबिंग'. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल वुडवर्ड या वृद्धरोगतज्ज्ञाने तो लेखात वापरला. आपल्याकडे 'औषध बंद करणं' म्हणतात, पण त्याला रागाचा किंवा पैशाच्या अडचणीचा वास आहे. 'तिनं औषध बंद केलं' म्हटलं की डोळ्यापुढे हट्टी सासू येते. मला त्यापेक्षा 'उतार' बरा वाटतो. तापाला उतार पडला, दुखण्याला उतार आहे, असं आपण म्हणतोच. उतार पडल्यावर औषधालाही उतार पडावा, एवढा साधा हिशोब भाषेत आहे आणि चिठ्ठीवर नाही.

सांधेदुखीच्या म्हाताऱ्यांबद्दलच एवढं का, मधुमेह-हृदयरोगाचे डबे काय लहान असतात, असं कोणी विचारेल. लहान नसतात. पण सांध्यांच्या दुखण्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी एका नावाखाली नांदतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन पाहणी सुरू केली, तेव्हा साधारण १८ टक्के प्रौढांना हाडं, सांधे, स्नायू यांपैकी कशाचं तरी दुखणं निघालं. खरा आमवात मात्र शंभरात अर्ध्या माणसाला. बाकीचे झिजलेले गुडघे, कंबर, मान, खांदा, कष्टाने दुखणारं अंग. या सगळ्याला बोलीत शब्द एकच, 'वात'. मग कोणीतरी आरए फॅक्टरची तपासणी करतो. ती निरोगी म्हाताऱ्या माणसांतही कित्येकदा पॉझिटिव्ह येते. कागदावर ठळक अक्षरात 'पॉझिटिव्ह' आलं की गुडघ्याच्या झिजेला आमवाताचं औषध सुरू होतं, आणि खऱ्या आमवाताला वर्षानुवर्षं नुसती दुखीची गोळी मिळत राहते. जास्तीचं औषध आणि कमी पडलेलं औषध हे एकाच गोंधळाचे दोन हप्ते आहेत.

दुखीच्या गोळीकडे आपण फार प्रेमाने बघतो. तिच्याबद्दल जनावरांच्या बाबतीत आपण जास्त सावध झालो, ही गंमत सांगण्यासारखी आहे. डायक्लोफेनॅक हे दुखीचं औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात हे कळल्यावर २००६ मध्ये भारतात गुरांसाठी ते बंद झालं. माणसाची मूत्रपिंडं गिधाडापेक्षा पुष्कळ सोशीक, पण पंचाहत्तरीतली तितकी नाहीत. त्यात आत्याच्या डब्यात एक त्रिकूट होतं: दुखीची गोळी, टेल्मिसार्टन आणि पाणी काढणारी गोळी. या तिघी एकत्र आल्या की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळला जातो. अंगात पाणी भरपूर असेल तर माणूस निभावतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, कूलरचं पाणी दोनदा भरावं लागतं, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून म्हाताऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. कुठल्याही परदेशी मार्गदर्शक तत्त्वांत हा तपशील सापडायचा नाही. आमच्याकडे उन्हाळ्याआधी माठ घासतात, वाळ्याचे पडदे काढतात, त्याच आठवड्यात औषधांचा डबाही तपासायला हवा.

स्टेरॉइडची गोष्ट वेगळी, आणि तिच्याबद्दल बोलताना मला जपून बोलायचं आहे. १९४८च्या सप्टेंबरात फिलिप हेंच यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (नागपुरातल्या मेयो इस्पितळाशी त्याचा संबंध नाही) आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन टोचलं, आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये त्यासाठी केंडल आणि राइखश्टाइन यांच्यासह हेंच यांना नोबेल मिळालं. दुष्परिणामही लवकरच दिसू लागले होते. स्टेरॉइडचा मोह तेव्हापासून तसाच आहे: तीन दिवसांत माणूस उठून बसतो. म्हणून तर खेड्यातल्या बाजारात 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये ते मिसळलेलं सापडतं. किंमत मागाहून कळते: हाडं ठिसूळ, साखर वर, त्वचा कागदासारखी, जंतुसंसर्गाला दार उघडं.

म्हणून ते वाईटच, काढून टाका, असं म्हणणारे अर्धंच वाचतात. ६५ वर्षांवरच्या आमवाताच्या रुग्णांना दोन वर्षं रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देऊन पाहणारा 'ग्लोरिया' नावाचा युरोपीय अभ्यास २०२२ मध्ये आला. आजार आटोक्यात राहिला, सांध्यांची हानी कमी झाली, पण किमान एक त्रासदायक घटना घडलेल्यांचं प्रमाण नुसत्या बिनऔषधी गोळीवर ४९ टक्के होतं ते स्टेरॉइड घेणाऱ्यांत ६० टक्के झालं, आणि जास्तीचा त्रास मुख्यतः संसर्गांचा. हा सौदा आहे, आणि कोणाला पटेल, कोणाला नाही. २०२० मधल्या 'सेमिरा' अभ्यासात तेच ५ मिलिग्रॅम चार महिन्यांत पायरीपायरीने शून्यावर आणलं, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश लोकांना आजार न उसळता ते जमलं. पण त्या सगळ्यांना मूळ आजारावरचं दुसरं जोरकस औषध चालू होतं. आत्याला काय चालू होतं? काहीच नाही. पायाच काढून घेतलेल्या भिंतीला टेकू म्हणून तिचं स्टेरॉइड उभं होतं. ते तसंच ओढून काढलं असतं तर भिंत अंगावर आली असती. शिवाय महिनोन् महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं सोडून देतात. एकदम थांबवलं तर गळून जाणं, बीपी कोसळणं, जिवावर बेतणं. हाडांसाठी सहा महिन्यांनी टोचायचं डेनोसुमॅबही मध्येच सोडून दिलं तर मणके पिचू शकतात.

घरच्या घरी औषध कमी करणाऱ्यांचं नेमकं इथे चुकतं. आपल्याकडे औषधं कमी होत नाहीत असं नाही. रोज होतात. 'हेवी डोस आहे', 'गरम पडते', 'कॅन्सरवरची गोळी आहे म्हणे, मोबाइलवर वाचलं' असं म्हणत घरोघर मेथोट्रेक्सेट सोडलं जातं. कॅन्सरवर ते देतात हे खरं, पण तिथली मात्रा कितीतरी मोठी. आमवातात आठवड्यातून एकदा मोजके मिलिग्रॅम. (आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर मात्र जीव जाऊ शकतो, म्हणून वाराचं नाव चिठ्ठीवर मराठीत, पूर्ण लिहिलेलं असावं.) सोडलं जातं ते आजाराला धरून ठेवणारं औषध, कारण त्याने लगेच काही वाटत नाही. राहतं ते लगेच बरं वाटवणारं.

जी सहज निघू शकतात अशी औषधं खरं तर पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर फार शब्द घालवायची गरज नाही. ग्लुकोसामाइनचा २००६ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात एकूण रुग्णांना बिनऔषधी गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. त्याच्याच गोळीत घालून विकलं जाणारं डायासेरीन ६५ वर्षांवरच्यांना देऊ नये असं युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्येच सांगितलं. ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी ठरलेल्या आठवड्यांसाठी असते, वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेतली तर कॅल्शियम चढतं. कधीही अंगठा न सुजलेल्या माणसाचं नुसतं वाढलेलं युरिक ऍसिड औषधाने खाली आणू नये, असंच गाउटची, म्हणजे युरिक ऍसिडच्या सांधेदुखीची, आजची मार्गदर्शक तत्त्वं सुचवतात. आणि डाळीने गाउट होत नाही, हे २००४ मध्ये हजारो माणसांचा बारा वर्षं पाठपुरावा करून दाखवलेलं आहे. वरण परत आणा.

मग डॉक्टर हे करत का नाहीत? त्यांना कळत नाही असं मला वाटत नाही. म्हाताऱ्यांना टाळावीत अशा औषधांची मार्क बीअर्स यांची यादी १९९१ पासून आहे, आयर्लंडमधली 'स्टॉप-स्टार्ट' यादी २००८ पासून. अडचण धाडसाची आहे, आणि ते धाडस एकट्या माणसाकडून मागणं मला अन्यायाचं वाटतं. दुसऱ्याच्या औषधाला हात लावायचा नाही हा आपल्या वैद्यकीय व्यवसायातला अलिखित शिष्टाचार आहे. धंतोलीतल्या हृदयवाल्याची गोळी रामदासपेठेतला हाडवाला काढत नाही. त्याहून मोठं कारण दोषाचं. गोळी चालू असताना पोटात रक्तस्राव झाला तर 'वयच झालं होतं' म्हणतात. गोळी बंद केल्यावर आठवड्याने काही झालं तर नातेवाईक थेट त्या डॉक्टरचं नाव घेतात. चालू ठेवणं कोणाचंच कृत्य समजलं जात नाही, थांबवणं मात्र कृत्य समजलं जातं.

आणि फी. आत्याला ज्या फिजिशियनकडे नेलं, त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या, पाऊण तास घेतला, नवी दुखीची गोळी एकही लिहिली नाही. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "हजार रुपये घेतले अन् औषध तं काढूनच घेतले!" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपण चिठ्ठीच्या लांबीला पैसे मोजायला शिकलेले लोक आहोत. जिल्ह्याच्या ओपीडीत जिथे एका रुग्णाला दोन मिनिटं मिळतात, तिथे नवं औषध लिहायला अर्धं मिनिट पुरतं आणि जुनं काढायला पाऊण तास लागतो.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. गोंदिया-गडचिरोलीहून मेडिकलला येणाऱ्या बाईला आमवाताचं औषधच वेळेवर मिळत नाही, निदान व्हायला वर्षं जातात. तिथे औषधं कमी करण्याच्या गप्पा म्हणजे पोटभरल्यांचं उपवासावरचं प्रवचन. मी हे ऐकून बराच वेळ गप्प होतो. पण त्याच बाईच्या पदराला पुडी बांधलेली असते, आणि एसटीने येण्याआधी तिने गावच्या दुकानातून आठवडाभर 'दुखीची लाल गोळी' घेतलेली असते, चिठ्ठीशिवाय, शेड्यूल एचचा शिक्का असूनही. तिला मिळत नाही ते योग्य औषध. नको ते औषध तिच्यापर्यंत आधी पोचतं आणि स्वस्तात पोचतं.

म्हणून मला वाटतं, हे काम डॉक्टरच्या सद्सद्विवेकावर सोडण्यापेक्षा दुकानाच्या काउंटरवर आणावं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात औषध दुकानदारांनी ६५ वर्षांवरच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या नको असलेल्या गोळीबद्दल साध्या भाषेतली पुस्तिका दिली आणि त्यांच्या डॉक्टरला एक पत्र पाठवलं. सहा महिन्यांत ४३ टक्के लोकांची ती गोळी सुटली; जिथे काहीच केलं नाही तिथे १२ टक्क्यांची. यादीत झोपेच्या गोळ्यांबरोबर दुखीच्या गोळ्याही होत्या. आपला दुकानदार गोळ्या विकूनच पोट भरतो, तो असं का करेल, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे: निवृत्तांना औषध देणारे सरकारी आणि कंपन्यांचे दवाखाने नागपुरात आहेत. जिथे औषधाचा खर्च दवाखानाच सोसतो तिथून सुरुवात करायला कोणाचा धंदा बुडत नाही. आणि चिठ्ठीवर प्रत्येक औषधापुढे 'कधीपर्यंत' असा एक रकाना छापायला तर शाईचेच पैसे लागतात.

आत्याचं पुढे सांगतो. दुखीची गोळी पहिल्यांदा गेली. तिच्या जागी पॅरासिटामॉल आणि गुडघ्याला चोळायचं जेल. मेथोट्रेक्सेट रविवारी परत आलं, आधी मूत्रपिंडांची तपासणी करून आणि पहिल्यापेक्षा कमी मात्रेत. तीन आठवड्यांत बीपी उतरलं, ऍम्लोडिपिन गेली, पाय ओसरले, पाणी काढणारी गोळी होळीच्या आत गेली. मग युरिक ऍसिडची, मग चक्करची. नसांची गोळी एकदम न थांबवता उतरवत नेली. गॅसची सोडल्यावर पंधरा दिवस खूप जळजळ झाली, तीही सोसली. स्टेरॉइडला दिवाळी उजाडली. एकदा मध्ये हात सुजले आणि एक पायरी परत वर चढावं लागलं. एक औषध वाढलंही, हाडांसाठी आठवड्याची गोळी, कारण स्टेरॉइडच्या त्या महिन्यांची भरपाई करायची होती. बारावरून पाचावर आलो. दुखणं गेलं का? नाही. सकाळी बोटं अर्धा तास वळत नाहीत, पण आत्याला पहिल्यासारख्या झोकांड्या जात नाहीत आणि ती वरण खाते.

परवा तिच्या देवघरात निरांजन शोधताना करंड्यामागे दुखीच्या त्या गोळीची स्ट्रिप सापडली. दहातल्या सात शिल्लक. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "उमरेडच्या लग्नात दोन घेतल्या. अन् एक अधिक महिन्यात, पारायणाले मांडी घालून बसाव लागते." मी स्ट्रिप जिथे होती तिथे ठेवली, आणि पुढच्या तपासणीला ते डॉक्टरांना सांगायचं म्हणून चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं.